उपाशी चालतं

गुरुप्रसाद मयेकरला काहीही विचारा, तो आधी उलट विचारणार.

"गुरुप्रसाद, चहा घेणार?" "आत्ता म्हणताय, की निघताना?" "अरे, त्या खोकल्याच्या औषधानं झोप येते का?" "घेणार कोण आहे? गाडी चालवणारा आहे का?" रत्नागिरीतल्या औषधांच्या दुकानदारांना या सवयीची भारी गंमत वाटते. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की कोणीतरी मुद्दाम तो कामाला आहे त्या होलसेलरकडे फोन लावतो आणि गंभीर आवाजात विचारतो, "गुरुप्रसाद, आज वार कोणता?" पलीकडून मग प्रश्न येतो, "कशासाठी हवाय?" दुकानात हशा पिकतो. गुरुप्रसादला कळतं की आपली खेचतायत. तोही हसतो, आणि दुसऱ्या दिवशी तसंच करतो.

माणूस मुळात असा नव्हता. चार वर्षांपूर्वीचा गुरुप्रसाद ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, त्याच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. तेव्हा तो एमआर होता, एका मोठ्या कंपनीची औषधं डॉक्टरांना समजावत फिरणारा. मालगुंडच्या बाजूच्या कोळीवाडीत वाढलेला हा मुलगा, बाप तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. घरात इंग्रजी बोलणारा हा पहिलाच. कोकणच्या दमट हवेत भर दुपारी टाय लावून मोटारसायकलवरून फिरायचा. टाय घामानं गळ्याला चिकटायचा, पण सोडायचा नाही. वाडीतली माणसं चेष्टेनं त्याला 'डाक्टर' म्हणायची आणि तो चेष्टा असल्याचं विसरून ओ द्यायचा.

पण कामात तो पक्का होता, हे त्याच्यावर रागावलेली माणसंही कबूल करतात. मोठ्या हॉस्पिटलात कुठलं औषध ठेवायचं हे एकटा डॉक्टर ठरवत नाही. त्यासाठी समिती असते. समितीनं यादीत घेतलं तर औषध आत, नाहीतर कंपनीनं दारात कितीही घिरट्या घालाव्यात. या समितीपुढे कंपनीच्या माणसानं काय बोलायचं आणि काय नाही, याचे नियम असतात. मुंबईच्या प्रशिक्षणात गुरुप्रसादनं ते मन लावून ऐकले होते. औषधाचे गुण ज्या आवाजात सांगाल त्याच आवाजात दोष सांगा. आवाज खाली आणू नका. समितीनं विचारलेल्या प्रश्नाचं पुरतं उत्तर द्या. उत्तर तुमच्या आवाक्यातलं नसेल तर स्वतःच्या मनानं काही ठोकू नका. प्रश्न जसाच्या तसा कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवा, ते थेट समितीला कळवतील. मारुती मंदिराजवळच्या हॉटेलात नवीन एमआर पोरांना बसवून तो हे सगळं शिकवायचा. 'जसाच्या तसा' म्हणताना टेबलावर बोट आपटायचा. त्याला स्वतःच्या सचोटीचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता.

मधुमेहाची एक नवीन गोळी आली. रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढणारी, चांगली गोळी, यात वाद नाही. तिचा एकच मोठा धोका होता. माणसाचं खाणंपिणं बंद असताना ती चालू ठेवली, तर रक्तात आम्ल साठतं आणि जिवावर बेततं. त्यात फसवेपणा असा, की अशा वेळी साखर तपासली तर फारशी वाढलेली दिसत नाही. म्हणून आजारपणात, उलट्या होत असताना, उपासाला ही गोळी थांबवायची. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. गुरुप्रसादला ते पाठ होतं.

शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात समितीची बैठक लागली. श्रावणातला सोमवार होता. अध्यक्ष होते डॉक्टर हरिश्चंद्र बोरकर, मोठे विद्वान आणि त्याहून मोठे घाईचे. औषधांच्या काउंटरची प्रमुख मृणाली सावंत समितीवर होती. आणखी दोघंतिघं डॉक्टर. त्या दिवशी गोळी यादीत आली नसती तर प्रकरण दिवाळीनंतरच्या बैठकीवर गेलं असतं, आणि कोल्हापूरचा मॅनेजर सकाळपासून फोन करून गुरुप्रसादचं डोकं खात होता.

गुरुप्रसादनं झकास मांडणी केली. धोक्याचं पान पडद्यावर आलं नेमकं तेव्हा चहा आला. कपबशांची पळापळ सुरू झाली, बोरकरांनी घड्याळ पाहिलं आणि गुरुप्रसादनं "ही नेहमीचीच काळजी" म्हणून पान पुढे ढकललं. आवाज खाली आणला. बिस्किटांची बशी फिरत मृणालीपाशी आली. तिनं ती तशीच शेजारी सरकवली. "माझा सोमवार आहे," ती म्हणाली.

बोरकर पेनाला टोपण लावत होते तेवढ्यात तिनं विचारलं, "मयेकर, एकच. ही उपाशी चालते ना?"

आता हा 'उपाशी' शब्द बघा. गोळीबद्दल बोलताना तो शब्द आला, की औषधवाल्याच्या कानाला त्याचा एकच अर्थ लागतो. सकाळी न्याहारीआधी, रिकाम्या पोटी. त्या अर्थानं गोळी उपाशी चालत होती, अगदी पत्रकाप्रमाणे. पण आमच्याकडची बाई श्रावणातल्या सोमवारी बिस्किटं परत करून 'उपाशी' म्हणते, तेव्हा ती न्याहारीबद्दल बोलत नसते. गुरुप्रसाद याच मातीतला. त्याची आई सोमवार करते, गुरुवार करते, हरितालिकेला पाण्याचा थेंब घेत नाही. मृणाली काय विचारतेय हे त्याला कळलं. पुरतं कळलं. त्याला हेही दिसलं की खरं उत्तर दिलं तर बोरकर टोपण पुन्हा काढतील, "मग याबद्दल नीट लेखी मागवा" म्हणतील आणि सगळं दिवाळीवर जाईल.

"हो मॅडम, उपाशी चालते," तो म्हणाला. "जेवणाआधी, जेवणानंतर, केव्हाही."

ते शेवटचे शब्द त्यानं स्वतःसाठी जोडले होते. उद्या कोणी जाब विचारला तर दाखवायला. एक शब्द खोटा नव्हता.

गोळी यादीत आली. गुरुप्रसादनं मॅनेजरला फोन केला, शाबासकी घेतली, आणि घरी जाताना स्वतःची समजूत घातली. पान दाखवलं होतं. डॉक्टर मंडळी वाचतातच. उपास करायचा की नाही हे ज्याचं त्यानं बघावं. समजूत तेवढ्यापुरती पटली, कारण पटवून घ्यायची होती.

मृणालीनं मात्र आपलं काम केलं. काउंटरवरच्या मुलींना तिनं सांगून ठेवलं, बायका उपासाचं विचारतील, तर ही गोळी उपाशी चालते म्हणून सांगा.

गुरुप्रसादच्या वाडीतली हौसाकाकी, त्याच्या आईची मैत्रीण, त्याच हॉस्पिटलात साखरेचं औषध घ्यायची. नवीन गोळी तिला लागू पडली. ही आपल्या गुरूच्या कंपनीची गोळी, हे कळल्यावर तर ती मासळीच्या पाटीवर बसल्या बसल्या गिऱ्हाइकांनाही सांगायची. हरितालिकेच्या आदल्या दिवशी गोळ्या घ्यायला गेली तेव्हा तिनं काउंटरवर विचारलं, "बाय, उद्या माजा उपास हाय. गोळी घेव ना?" मुलगी म्हणाली, "हो काकी, उपाशी चालते."

काकीनं ती गोळी कोरडीच घशाखाली उतरवली, कारण पाणी चालत नव्हतं. दिवसभर वाळू आणून पिंडी केली, पूजा केली. दुसऱ्या दिवशी घरात गणपती यायचे तर हिला उलट्या आणि धाप. वाडीतल्या डॉक्टरनं साखर तपासली, फार नव्हती. पित्त म्हणून औषध दिलं. त्याच्या पुढच्या दिवशी तिला नीट बोलता येईना, तेव्हा तिचा नवरा रामा याचा गुरुप्रसादला फोन आला, "गुरू, तुजी त्या हास्पिटलात वळख हाय ना रे?"

गुरुप्रसाद हॉस्पिटलात पोचला तेव्हा काकी खाटेवर आडवी होती आणि दम लागल्यासारखा मोठा मोठा श्वास घेत होती. रक्तात आम्ल साठलेल्या माणसाचा तो श्वास त्यानं कंपनीच्या फिल्ममध्ये पाहिला होता.  "डॉक्टर, ही बाई ती गोळी घेते, परवा निर्जळी उपास केलाय," तो जवळजवळ ओरडलाच. ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या ते आधीच लक्षात आलं होतं, रक्त तपासणीला गेलंही होतं. पण रामानं एवढंच पाहिलं की गुरू आला, बोलला आणि धावपळ सुरू झाली. त्यानं गुरुप्रसादचे दोन्ही हात धरले. "तू व्हतास म्हनून," तो म्हणाला आणि रडू लागला. गुरुप्रसादला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले, पण सोडवता आले नाहीत.

काकी वाचली. अख्खा गणपती तिचा अतिदक्षता विभागात गेला, घरच्या गौरी तिनं पाहिल्या नाहीत, पण वाचली. शुद्धीवर आल्यावर जो येईल तो तिलाच झापत होता. साखर असताना निर्जळी उपास कसले करता? ती बिचारी मान डोलवायची. "माजंच चुकलं," म्हणायची. एकदा फक्त म्हणाली, "मी इचारलं व्हतं. चालते म्हनाले."

औषधानं कोणाला अपाय झाला तर एमआरनं लगेच कंपनीला कळवायचं असतं. गुरुप्रसादनं त्याच दिवशी कळवलं. वय, गोळी, उपास, लक्षणं, सगळं व्यवस्थित. सोमवारच्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी समितीला कळवलं आणि नवरात्राच्या तोंडावर बोरकरांनी तातडीची बैठक बोलावली, कारण नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्या किती बायका ही गोळी घेत असतील या विचारानं त्यांनाही घाम फुटला होता.

बैठकीत उलगडा व्हायला वेळ लागला नाही. "म्हणजे भाषेचा घोटाळा," बोरकर म्हणाले. "मॅडमनी विचारलं उपासाचं, मयेकरांनी ऐकलं रिकाम्या पोटाचं. शब्द एकच."

मृणाली उठून उभी राहिली. बसून बोलली असती तरी चाललं असतं. "चूक माझी आहे सर," ती म्हणाली. "मी शब्द सैल वापरला. मला उपास म्हणायचं होतं तर उपास म्हणायला हवं होतं. आणि माझ्या मुली तेच पुढे सांगत राहिल्या."

गुरुप्रसाद समोरच बसला होता. तोंड उघडायची हीच वेळ होती आणि त्याला ते ठाऊक होतं. त्यानं पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा होता. बोरकरांनी वर त्याचं कौतुक केलं, कंपनीचा माणूस असूनही स्वतःहून कळवलं म्हणून. आता त्या गोळीच्या पाकिटावर ठळक मराठीत चिठ्ठी लावायचं ठरलं, उपासाच्या दिवशी ही गोळी घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. पुढच्या बायका वाचल्या. मृणालीनं समितीतून नाव काढून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. "माझ्यावरचा माझाच विश्वास उडालाय," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून गुरुप्रसादला जेवण गोड लागेना. आई विचारायची, "उपाशी निजतोस काय रे?" आणि तो तडकायचा. पुढं कधीच काही बाहेर येणार नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि त्यानंच तो जास्त घाबरला. शरम वाटत होती, नुसती शरम. टेबलावर बोट आपटून शिकवलेलं 'जसाच्या तसा' दिवसातून दहादा आठवायचं.

घटस्थापनेच्या दिवशी तो हौसाकाकीला भेटायला गेला. ती ओटीवर कोळंबी सोलत होती, बारीक झाली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "ती काउंटरवरची मोटी बाय आली व्हती बघ हास्पिटलात. सावंत. माज्या पायाला हात लावलान. मी म्हटलं, अगो, वेडी काय तू?"

गुरुप्रसाद तिच्या पुढ्यातली एक कोळंबी उचलून सोलू लागला.

"माजा तिच्यावर राग नाय," काकी म्हणाली. "तिला ठाव नसंल. ठाव असतं तर बोलली असती. ठाव असून मानूस कशाला गप ऱ्हाईल?"

हे बोलून ती पुढची कोळंबी सोलायला लागली. गुरुप्रसाद उठला. चहा टाकते म्हणत असताना उठला, चपला घातल्या आणि थेट रत्नागिरीचा रस्ता धरला.

हॉस्पिटलच्या काउंटरला रांग होती. एमआर कधी रांगेत उभा राहत नाही, बाजूच्या दारानं आत जातो. तो रांगेत उभा राहिला. पाळी आली तेव्हा समोर मृणालीच होती. "तुम्ही इथून?" तिनं विचारलं.

"मॅडम, त्या सोमवारी तुम्ही विचारलंत ना, उपाशी चालते का." तो म्हणाला. "तुम्ही काय विचारताय ते मला कळलं होतं."

तिच्या हातात कोणाची तरी गोळ्यांची पट्टी होती. ती तशीच राहिली. "कधी कळलं?"

"तेव्हाच."

मागचा म्हातारा "अवो, आटपा की" म्हणाला. मृणालीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मी त्या बाईच्या पायाला हात लावून आले," ती हळू म्हणाली. "तुमच्या चुकीसाठी." मग म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगाल?"

या प्रश्नात काय काय भरलंय हे त्याला याही वेळी पुरतं कळलं. नोकरी, नाव, वाडीतलं डाक्टरपण. "सांगेन," तो म्हणाला.

आणि समितीपुढे सांगितलं. बोरकर वैतागले. "मयेकर, मिटलेलं प्रकरण. आता हे कशाला उकरताय?" त्यांचंही बरोबर होतं म्हणा, भाषेचा घोटाळा सगळ्यांनाच सोयीचा होता. कंपनीनं त्याला मुंबईला बोलावलं, आणि परत आला तो टाय नसलेला. स्वतःहून नोकरी सोडली असं कागदावर आलं. मृणालीला समितीनं परत बोलावलं, ती गेली. गुरुप्रसाद आता होलसेलरकडे आहे, त्याच्याशी ती कामापुरतं बोलते. चार वर्षांत कामापलीकडे एक शब्द नाही, आणि त्यानं तो मागितलेलाही नाही.

काकीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ती ओरडेल, शिव्या घालेल, पाटीतली मासळी फेकून मारेल, अशी त्याची तयारी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मंग तवाच का नाय बोल्लास?" एवढं विचारलं.  मग तिनं आत जाऊन चहा टाकला, आणि या खेपेला तो प्यायला. रामा मात्र अजून त्याच्याकडे बघत नाही.

अजूनही काही नवीन औषध मिळालं की हौसाकाकी गुरुप्रसादला फोन करते. वाडीत आता निम्मी माणसं औषधाचं शिकलेल्या पोरांना विचारतात, मोबाइलवर बघतात, पण ही याच्याकडेच येते. तो आधी तिला उलटसुलट विचारतो. काय खाल्लं, उपास कुठला, दुसऱ्या गोळ्या कुठल्या. मग गोळीचं चांगलं सांगतो, वाईट सांगतो, आवाज खाली न आणता. सगळं ऐकून झालं की फोन ठेवण्याआधी काकी दर वेळी तेच विचारते. तिच्या मनात काही नसतं, आता ती तिची सवयच झालीय.

"गुरू, सगळं सांगितलंस ना रे?"

तो 'हो' म्हणत नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.